कारण विचारण्याचा हक्क

इ. स. १८९७ च्या प्लेगने पुणे शहराची दैना करून टाकली होती. घरोघरच्या झडत्या, गोऱ्या सोजिरांचे वर्तन आणि सक्तीची स्थलांतरे यांमुळे लोक संतापले होते. अशा वातावरणात २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून परतणारे प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. दोघेही प्राणांस मुकले. सरकार हादरले, आणि हादरलेल्या सरकारने त्या पावसाळ्यात दोन निरनिराळ्या मार्गांनी माणसे तुरुंगात घातली.

पहिला मार्ग लोकमान्य टिळकांच्या वाट्याला आला. 'केसरी'तील लेखनाबद्दल त्यांच्यावर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष मानले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हा न्याय निर्मळ होता असे कोणी म्हणणार नाही. तरीही आरोप काय होता, पुरावा कोणता होता आणि बचाव कोणता केला गेला हे सारे जगाला कळले. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही ते कागद आपण वाचू शकतो.

दुसरा मार्ग पुण्याच्या सरदार घराण्यातील बाळासाहेब व तात्यासाहेब नातू या बंधूंच्या वाट्याला आला. एल्फिन्स्टनच्या काळात केलेले १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन सरकारने बाहेर काढले. त्यानुसार एखादी व्यक्ती राज्याला धोकादायक वाटली की तिच्यावर कोणताही आरोप न ठेवता, कोणत्याही न्यायालयापुढे न नेता तिला 'राजकीय कैदी' म्हणून डांबून ठेवता येत असे. नातू बंधूंवर खटला कधीच झाला नाही. त्यांच्याबद्दल ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले. पण त्यांचा अपराध कोणता, हे शेवटपर्यंत कोणत्याही न्यायाधीशापुढे सांगावे लागले नाही. इकडे रँडचा वध करणारे चापेकर बंधू पकडले गेले ते पोलिसांच्या नेहमीच्या तपासातून, आणि त्यांना शिक्षा झाली ती उघड्या न्यायालयात, साक्षीपुराव्यानिशी. नातू बंधूंच्या बंदिवासाने त्या गुन्ह्यावर काही प्रकाश पडला नाही.

राष्ट्राची सुरक्षितता आणि नागरिकाचे स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न लोकशाहीपुढे वारंवार उभा राहतो. या प्रश्नाची चर्चा बहुधा एका तराजूच्या कल्पनेने केली जाते: एका पारड्यात सुरक्षितता, दुसऱ्यात स्वातंत्र्य, एक जड झाले की दुसरे हलके व्हायचेच. आपल्या देशाचा सव्वाशे वर्षांचा अनुभव पाहिला तर हे चित्र अपुरे वाटू लागते. संकटकाळी राज्याला कठोर व्हावे लागते, हे खरे आहे. मात्र राज्य कोणाला पकडते त्याचे कारण राज्याबाहेरच्या कोणाला तरी सांगण्याचे बंधन त्याच्यावर आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. हे बंधन जिथे सुटले, तिथे नागरिकाचे स्वातंत्र्य तर गेलेच. पण सुरक्षिततेच्या पदरातही फारसे काही पडले नाही.

परक्या राज्याचा वारसा

पहिल्या महायुद्धात सरकारने १९१५ चा भारत संरक्षण कायदा केला. युद्धाच्या काळापुरते विशेष अधिकार, असे त्याचे स्वरूप होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपले. पण हातात आलेले अधिकार सोडवेनात. न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीने ते शांततेच्या काळातही चालू ठेवण्याची शिफारस केली, आणि कायदेमंडळातील निर्वाचित हिंदी सदस्यांचा विरोध डावलून मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा संमत झाला. 'न वकील, न अपील, न दलील' असे त्याचे वर्णन लोकांनी केले. त्याविरुद्धच्या आंदोलनात अमृतसरचे डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू यांना १० एप्रिल रोजी पकडण्यात आले, आणि तीनच दिवसांनी जालियनवाला बागेत गोळीबार झाला. १९२२ मध्ये सरकारला हा कायदा मागे घ्यावा लागला. ज्या कायद्याने राज्य सुरक्षित व्हायचे होते, त्याने राज्यावरचा उरलासुरला विश्वासही नाहीसा केला होता.

घटना समितीतील पेच

स्वतंत्र भारताची राज्यघटना लिहायला बसलेल्यांपैकी अनेकांनी विनाचौकशी तुरुंगवास स्वतः भोगलेला होता. म्हणून त्यांनी तो कायमचा हद्दपार केला असेल, अशी आपली अपेक्षा असते. घडले ते वेगळेच. फाळणीच्या कत्तली, जानेवारी १९४८ मधील गांधीजींची हत्या, तेलंगणातील सशस्त्र उठाव या साऱ्यांची छाया घटना समितीवर होती. घटनेच्या मसुद्यात प्रथम 'उचित प्रक्रिये'शिवाय कोणाचेही स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही, अशा अर्थाची तरतूद होती. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटून आले. ही शब्दयोजना न्यायाधीशांच्या हाती वाजवीपेक्षा अधिक सत्ता देते, असे फ्रँकफर्टर यांचे मत पडले. आणि तिच्या जागी 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' हे शब्द आले. याचा अर्थ असा, की संसदेने कायदा केला म्हणजे पुरे. तो कायदा न्याय्य आहे का, हा प्रश्न उरत नाही.

या बदलावर देशात व समितीतही टीका झाली. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक नवे कलम मांडले. तेच आजचे २२ वे कलम होय. आधीच्या कलमाने जे निसटले होते त्याची ही अंशतः भरपाई आहे, अशी त्यांची भूमिका होती. पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, पकडण्याचे कारण सांगावे, वकील करू द्यावा, हे हक्क त्या कलमाने दिले. परंतु प्रतिबंधक स्थानबद्धता, म्हणजे गुन्हा घडण्याआधी केवळ संभवावरून केलेली अटक, तिला यातून वगळले. अशा कैद्याला मिळाले ते एवढेच: शक्य तितक्या लवकर कारणे कळवावीत, आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, आणि तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायचे असेल तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची पात्रता असलेल्या व्यक्तींच्या सल्लागार मंडळाची संमती घ्यावी. बक्षी टेकचंद यांच्यासारख्या अनुभवी विधिज्ञाने या कलमावर कडक टीका केली. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच विनाचौकशी कैदेची सोय असावी, ही गोष्ट अनेकांना बोचली.

घटना अमलात येऊन एक महिनाही झाला नव्हता, तोच फेब्रुवारी १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संमत झाला. तो मांडताना आपल्याला रात्री झोप लागली नाही, असे सरदार पटेलांनी सभागृहाला सांगितले होते. त्या बोलण्यातली प्रामाणिक अस्वस्थता नाकारण्याचे कारण नाही. कायदा एका वर्षापुरताच होता. पण त्याला मुदतवाढ मिळत गेली आणि तो १९६९ च्या अखेरीपर्यंत जगला. संकट तात्पुरते असते. त्याच्यासाठी केलेला कायदा मात्र घरातला एक माणूसच होऊन बसतो. पटेलांची झोप उडाली होती. पुढे मुदतवाढ देणाऱ्यांना त्याची सवय झाली.

या कायद्याची पहिली मोठी कसोटी केरळचे कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांच्या खटल्यात लागली. ते डिसेंबर १९४७ पासून या ना त्या कारणाने तुरुंगातच होते. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कायदा वैध ठरवला. न्यायमूर्ती फाझल अली यांनी आपले भिन्न मत नोंदवले. कायद्याचे चौदावे कलम मात्र सर्व न्यायाधीशांनी रद्द केले, याकडे सहसा लक्ष जात नाही. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालाही सांगायची नाहीत, असे ते कलम म्हणत होते. बाकी सारे मान्य करूनही न्यायालयाने तिथे रेघ ओढली: कारण न्यायाधीशापासूनही लपवले, तर कैद्याला दिलेल्या हक्काला काही अर्थच उरत नाही. ही रेघ ध्यानात ठेवावी. पुढे पंचवीस वर्षांनी तीच पुसली गेली.

युद्धकाळातील दोन निकाल

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले आणि २६ ऑक्टोबर रोजी आणीबाणी जाहीर झाली. महिन्याभरात युद्ध थांबले. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत टिकली. भारत संरक्षण नियमांखाली पुष्कळ माणसे आत गेली. चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांतील कित्येकांचा जन्म याच देशात झाला होता. अनेक कम्युनिस्ट कार्यकर्तेही स्थानबद्ध झाले. मुंबईचे प्रभाकर संझगिरी हे त्यांपैकी एक.

संझगिरी यांनी तुरुंगात बसून मराठीत एक पुस्तक लिहिले. विषय होता अणूचे अंतरंग, म्हणजे निव्वळ भौतिकशास्त्र. हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठवण्याची परवानगी त्यांनी मागितली. महाराष्ट्र सरकारने ती नाकारली. पुस्तकात देशाच्या संरक्षणाला बाधक असे काही होते म्हणून ही परवानगी नाकारली गेली नव्हती. स्थानबद्धांना पुस्तक प्रसिद्ध करण्याचा हक्क नियमांत दिलेला नाही, एवढेच सरकारचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने कौल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी सरकारचे अपील फेटाळले. त्या निकालाचे सूत्र सोपे आहे: नियम कैद्याला हक्क बहाल करीत नाहीत, ते फक्त निर्बंध घालतात; ज्याला नियमाने मनाई नाही ते करायला कैदी मोकळा आहे.

निकालाची तारीख पुन्हा एकदा पाहावी. ६ सप्टेंबर १९६५ हाच तो दिवस, ज्या दिवशी भारतीय सेनेने सीमा ओलांडून लाहोरच्या रोखाने आगेकूच केली. दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबर रोजी, त्याच न्यायालयाने डॉ. राममनोहर लोहिया यांच्या अटकेचा निकाल दिला. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली 'कायदा व सुव्यवस्था' राखण्यासाठी स्थानबद्ध केले होते. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पिली. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत, सर्वांत लहान, राज्याच्या सुरक्षिततेचे. गल्लीतले भांडण पहिल्या वर्तुळात येते. म्हणून ते आपोआप तिसऱ्यात जात नाही. नियमाने दिलेला अधिकार आतल्या वर्तुळांसाठी आहे, तो बाहेरच्या वर्तुळासाठी वापरता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने बहुमताने लोहियांची मुक्तता केली.

सीमेवर रणगाडे लढत असताना दिल्लीतील न्यायाधीश एका कैद्याच्या मराठी हस्तलिखिताचा आणि सरकारच्या एका कडव्या टीकाकाराच्या अटकेचा विचार करीत होते. त्यामुळे सेनेचे एक पाऊलही अडले नाही. युद्ध चालू असताना न्यायालयाने कारणे विचारू नयेत, असे म्हणणाऱ्यांना त्या दोन दिवसांनी परस्पर उत्तर दिले आहे.

आणीबाणी

१९७१ च्या जुलैमध्ये अंतर्गत सुरक्षा कायदा झाला. तोच 'मिसा' या नावाने घरोघर पोहोचला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला पाकिस्तानशी युद्ध जुंपले आणि आणीबाणी जाहीर झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, युद्ध संपले; आणीबाणी उठली नाही. ती चालू असतानाच २५ जून १९७५ रोजी 'अंतर्गत अशांतते'च्या कारणावरून दुसरी आणीबाणी पुकारण्यात आली. रेल्वे संप, बिहार व गुजरातमधील आंदोलने, रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांची हत्या ही कारणे सरकारने पुढे केली. त्यांत काहीच तथ्य नव्हते असे नाही. पण जयप्रकाश नारायण आणि मोरारजी देसाई यांच्यासारख्यांना ज्या राज्याच्या सुरक्षिततेसाठी पकडावे लागते, त्या राज्याला नेमके कोणापासून सुरक्षित राहायचे होते?

चारच दिवसांनी वटहुकूम निघाला. मिसाखालील अटकेची कारणे कैद्याला कळवण्याची जरुरी उरली नाही. सल्लागार मंडळही बाजूला सारले गेले. पुढच्या दुरुस्तीने ही कारणे न्यायालयापासूनही गोपनीय ठरवली. १९५० मध्ये न्यायालयाने एकमताने रद्द केलेली गोष्ट मागच्या दाराने घरात आली. पुढे शहा आयोगाने आकडे दिले: मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसे आत गेली होती.

कैद्यांनी देहोपस्थितीच्या याचिका केल्या. हेबिअस कॉर्पस या लॅटिन नावाने ओळखला जाणारा हा उपाय फार जुना आहे: कैद्याला न्यायालयापुढे आणा आणि त्याला कोणत्या अधिकाराने ठेवले आहे ते सांगा, एवढीच त्याची मागणी असते. नऊ उच्च न्यायालयांनी अशा याचिका ऐकण्याचा आपला अधिकार कायम असल्याचे ठरवले. मुंबईतही न्यायालय झुकले नाही. वकिलांच्या एका खासगी सभेवर पोलिसांनी घातलेली बंदी, आणि मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातील मजकुरावर सेन्सॉरने घातलेली बंदी, या दोन्ही मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केल्या. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाशजींसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. भीती सर्वत्र होती. पण ती सर्वांच्या मनात सारखी नव्हती.

सर्वोच्च न्यायालयात हा वाद जबलपूर खटल्याच्या रूपाने पोहोचला. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, की वैयक्तिक वैरातून एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने माणसाचा जीव घेतला, तर त्यावर काही उपाय आहे का? आणीबाणी चालू आहे तोवर नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे उचलून धरले. त्यांत पुढे सरन्यायाधीश झालेले, मूळचे पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, आणि पुढे जनहित याचिकांमुळे नावाजलेले पी. एन. भगवतीही होते. बहुमताला आधार सापडला तो १९४१ च्या एका इंग्लिश निकालाचा. हिटलरशी लढताना ब्रिटनमध्येही स्थानबद्धता होती, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने गृहमंत्र्याचा शब्द प्रमाण मानला होता. एकटे लॉर्ड अ‍ॅटकिन विरोधात उभे राहिले होते. ब्रिटिश विधिज्ञांनीच पुढे बहुमत चुकीचे आणि अ‍ॅटकिन बरोबर असल्याचे मान्य केले.

आपल्याकडचे अ‍ॅटकिन खन्ना ठरले. जगण्याचा हक्क घटनेच्या एका कलमाने जन्माला घातलेला नाही, म्हणून ते कलम स्थगित केल्याने तो मरत नाही. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचाही जीव वा स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार राज्याला कधीच नव्हता, असे त्यांनी एकट्याने लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून कनिष्ठ न्यायमूर्ती एम. एच. बेग यांना सरन्यायाधीश केले गेले, तेव्हा खन्नांनी राजीनामा दिला. २०११ मध्ये भगवती यांनी आपल्या निकालाबद्दल खेद व्यक्त केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला. त्या पीठाचा प्रमुख निकाल लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतराव चंद्रचूडांचेच पुत्र होत. मुलाने वडिलांचा निकाल पुसला. पण ज्यांची वर्षे तुरुंगात गेली, त्यांना ती परत मिळाली नाहीत.

दहशतवादाचे आव्हान

१९७८ मध्ये चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, असे ठरले. 'अंतर्गत अशांतते'ऐवजी 'सशस्त्र बंड' हे कारण आले. स्थानबद्धतेबाबत तीन महिन्यांची मुदत दोन महिन्यांवर आणणारी तरतूदही संसदेने संमत केली. मात्र ती अमलात आणण्याची अधिसूचना काढणे सरकारवर सोपवले होते, आणि एकामागून एक आलेल्या सरकारांनी ती काढलीच नाही. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला; त्याखाली एक वर्षापर्यंत विनाखटला ठेवता येते.

यानंतरचे संकट खरेखुरे आणि भीषण होते. पंजाब जळत होता. १९८५ मध्ये दोन वर्षांसाठी 'टाडा' आला आणि दहा वर्षे, म्हणजे मे १९९५ पर्यंत, राहिला. पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली त्यात पुरावा मानली गेली. शहात्तर हजारांहून अधिक लोक त्याखाली पकडले गेले. त्यांतील शिक्षा झालेल्यांचे प्रमाण अत्यल्प होते. जिथे पंजाबसारखा दहशतवाद नव्हता त्या गुजरातमध्येही तो हजारोंवर लागला. लोहिया खटल्यातील तीन वर्तुळे आता कोणाच्या ध्यानात राहिली नव्हती.

१२ मार्च १९९३ च्या स्फोटांनी मुंबईतील २५७ माणसांचे प्राण घेतले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जण गेले. ज्यांच्या घरात त्या दिवशी दिवा विझला त्यांना स्वातंत्र्यावरची व्याख्याने ऐकवणे क्रूरपणाचे ठरेल. राज्याचे पहिले कर्तव्य माणसांचे प्राण राखणे हेच आहे. प्राणच राहिले नाहीत तर स्वातंत्र्य भोगायचे कोणी? पण ते कर्तव्य कोणत्या मार्गाने पार पडते, हेही याच मुंबईने पाहिले आहे. जिवंत पकडलेला अजमल कसाब जगाने दूरचित्रवाणीवर पाहिला होता. त्याला वकील कशाला, असे विचारणारे पुष्कळ होते. तरी त्याच्यावर खटला चालला, त्याला वकील मिळाला, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील ऐकले. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते. पुरावा टिकला नाही म्हणून विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनी ते कायम केले. एकाच खटल्यात दोषी दोषी ठरला आणि ज्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हता ते सुटले. या खटल्याने देश दुबळा झाला नाही. उलट त्याचे म्हणणे जगापुढे सिद्ध झाले.

याच्या उलट मालेगाव पाहावे. २००६ च्या स्फोटांनंतर ज्या मुसलमान तरुणांना पकडले, त्यांना जामीन मिळाला तो २०११ मध्ये, आणि विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. चुकीचा माणूस आत असतो त्या प्रत्येक दिवशी खरा गुन्हेगार बाहेर असतो. मग सुरक्षितता कोणाची झाली?

राहिलेले काम

२६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर लगेच, डिसेंबर २००८ मध्ये, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली. आरोपपत्र दाखल करण्याची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येऊ लागली. पोलिसांच्या कागदांवरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन देऊ नये, असेही ठरले. म्हणजे खटला चालण्यापूर्वी, उलटतपासणी होण्यापूर्वी, एका बाजूच्या कागदांवरून माणसाची कैद ठरते. ही प्रतिबंधक स्थानबद्धता नव्हे, असे कायदा म्हणतो. तुरुंगात बसलेल्याला त्यातला भेद कळणे कठीण आहे.

आपल्या समाजाला हे दूरच्या कोणाचे दुःख वाटू नये. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत याच कायद्याखाली अटक झाली. वय ८३ वर्षे, पार्किन्सनच्या विकाराने हात थरथरत. तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी त्यांना नळीचा पेला मागावा लागला. झारखंडमध्ये वर्षानुवर्षे खटल्याविना पडून असलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांचा प्रश्न त्यांनी स्वतःच न्यायालयात नेला होता. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा जामीन अर्ज मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रलंबित होता आणि खटल्याची सुनावणी सुरू झालेली नव्हती. त्यांच्यावरील आरोप गंभीर होते, त्यांनी ते नाकारले होते. खरे काय, हे न्यायालयाने साक्षीपुरावा ऐकून सांगायचे होते. ते सांगण्याआधीच सारे संपले. ही खंत केवळ एका धर्मगुरूची म्हणून मांडायची नाही. ज्यांच्यासाठी प्रार्थनासभा भरत नाहीत आणि ज्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत अशा पुष्कळांची स्थिती हीच असते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले, की खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल, तर कायद्यातील कठोर अटींच्या आडून कैद चालू ठेवता येणार नाही. घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात. वाट आहे, ती चालणारे हवेत. दोन महिन्यांच्या मुदतीची ती घटनादुरुस्तीतील तरतूद अमलात आणणे, आरोपपत्रानंतर खटला ठरावीक काळात चालवणे, दर मुदतवाढीच्या वेळी संसदेने जुन्या वापराचा हिशेब मागणे, ही कामे देशाला असुरक्षित करणारी नाहीत. तपास करणाऱ्यालाही त्यांनी शिस्त लागते, कारण आज ना उद्या पुरावा दुसऱ्या कोणापुढे मांडायचा आहे, हे त्याला ठाऊक असते.

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातील एक प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. संत पौलाने कैसराकडे दाद मागितली आहे आणि रोमी सुभेदार फेस्त पेचात पडला आहे. कैद्याला रोमला पाठवायचे, पण सोबतच्या पत्रात आरोप कोणता लिहायचा? आरोप न सांगता बंदिवानाला पाठवणे आपल्याला शहाणपणाचे दिसत नाही, असे तो अग्रिप्पा राजाला सांगतो. फेस्त काही संत नव्हता. तो एका बलाढ्य, निर्दय साम्राज्याचा नोकर होता. त्या साम्राज्यात लोकशाहीचे नावही नव्हते. तरी पत्रातली ती मोकळी जागा त्याला बोचली. आपल्या प्रजासत्ताकाकडून आपण मागायचे ते एवढेच, की ज्या ज्या कैद्याच्या कागदावर ती जागा मोकळी आहे, ती त्याला बोचावी, आणि ती भरण्यासाठी त्याने वर्षे लावू नयेत.